तांबडा दिवा



या पानावर दर अंकात प्राचार्यांचे मनोगत असते. निकाल किती टक्के लागला, स्नेहसंमेलन कसे झाले, नव्या बाकांचे काय झाले, असे त्याचे ठरलेले विषय. या वेळी आम्ही आमच्या मोटारीबद्दल लिहिणार आहोत. मोटार आमची खासगी होती, शाळेच्या हिशेबात तिचा एक पैसाही नाही, तेव्हा कोषाध्यक्षांनी निश्चिंत असावे. पण तिच्या बाबतीत जे घडले ते शाळेच्या कामावर असताना घडले आणि त्याची किंमत शाळेच्या एका विद्यार्थिनीने मोजली. ते आजवर कुठे लिहिले नव्हते. लिहायला हवे होते.

गोष्ट जानेवारी २०१५ ची. खंडव्याला आंतरशालेय मराठी वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्याकडून तीन मुले निवडली होती. आठवीचे दोन मुलगे आणि दहावीची एक मुलगी. तिचे नाव येथे देत नाही, ती आता संसारी आहे. तिचा विषय होता अहिल्यादेवींनी बांधलेले घाट. महेश्वरपासून काशीपर्यंत कुठे काय बांधले, हे तिने दोन महिने वाचून, वहीत लिहून, बोलून बोलून घटवले होते. रोज मधल्या सुट्टीत ती रिकाम्या ग्रंथालयात कपाटांसमोर भाषण करी. दहावीचे वर्ष म्हणजे त्या गटातली तिची शेवटची संधी होती, हे आम्हाला ठाऊक होते.

शाळेची व्हॅन त्या दिवशी दुसऱ्या कामाला होती. आम्ही म्हटले, आपली गाडी आहे की! इंदूर ते खंडवा साधारण एकशे तीस किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघालो. मराठीच्या बाई आणि दोघे मुलगे मागे बसले. मुलीला घाटात मळमळते म्हणून तिला पुढे बसवले.

येथे थोडे मागे जायला हवे. त्या आधी दोन-तीन आठवडे आमच्या शिपाई काकांनी आम्हाला सांगितले होते की साहेबांची गाडी जिथे उभी असते तिथे खाली काळा डाग पडतो. आम्ही विचारले, किती मोठा? ते म्हणाले, आधी रुपयाएवढा होता, आता ताटाएवढा आहे. त्याच आठवड्यात विश्वस्त मंडळाची पाहणी होती. आम्ही काय केले असेल? डागावर लाकडाचा भुसा टाकायला सांगितला. पाहणी उत्तम झाली. पटांगणाच्या स्वच्छतेबद्दल शेरेबुकात दोन ओळी कौतुकाच्याही आल्या. त्या ओळी खरे तर भुशाच्या होत्या.

गाडीचे तेल बदलण्याची मुदतही टळून गेली होती. वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलायचे, असे गाडीच्या पुस्तिकेत छापले होते. आम्ही एकोणीस महिने आणि चौदा हजार किलोमीटर ओढले होते. बदलायला त्या वेळी सुमारे नऊशे रुपये लागत. पैशांची अडचण नव्हती. वेळ नाही, ही नेहमीची सबब होती, आणि गाडी तर चालते आहे ना, ही दुसरी.

तर सिमरोल मागे पडले आणि घाट सुरू झाला. भेरू घाट आमच्या इंदूरकरांना नवा नाही. एका वळणावर मुलगी म्हणाली, ‘‘सर, इथे तांबडा दिवा लागला होता.’’ आम्ही पाहिले तर दिवा नव्हता. म्हणालो, उन्हाची तिरीप असेल. पुढच्या वळणावर ती पुन्हा म्हणाली, ‘‘सर, परत लागला. तेलाच्या बुधलीचं चित्र आहे.’’ या वेळी आम्हीही तो पाहिला. वळण संपून रस्ता सरळ झाला तसा तो विझला. आम्ही म्हणालो, ‘‘वायर सैल झाली असेल. वळणावर हलते.’’

ती गप्प बसली. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, ‘‘सर, थांबून बघायचं का?’’

आम्ही बी.एस्सी. आहोत, भौतिकशास्त्र घेऊन. हिंदी माध्यमातून झालो, त्यामुळे वंगणाला आम्ही ‘स्नेहक’ म्हणून शिकलो आणि तेलाच्या दाटपणाला ‘श्यानता’. परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न लिहिल्याचे आठवते. स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे माया, हे संस्कृतच्या गुरुजींनी सांगितले होते, आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या भाषणात आम्ही तो विनोद करतो. एवढे सगळे ज्ञान गाडीत बसलेले होते. दिव्याचा अर्थ मात्र पंधरा वर्षांच्या मुलीला कळला होता. आम्ही म्हणालो, ‘‘अकराला पोहोचायचंय. खंडव्याला दाखवू.’’

तो दिवा वळणावरच का लागत होता, हे आम्ही नंतर शिकलो, आणि ते सर्वांना ठाऊक असावे असे वाटते. इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडे असते. मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. लहान मोटारीत त्यात तीन-साडेतीन लिटर तेल मावते. त्या तेलात एक जाळी बुडालेली असते, जाळीतून पंप तेल ओढतो, गाळणीतून नेतो आणि बारीक बोगद्यांतून इंजिनाच्या प्रत्येक फिरत्या भागापर्यंत दाबाने पोहोचवतो. भांड्यात तेल पुरेसे असले की गाडी वळो, चढो, जाळी बुडालेलीच राहते. तेल कमी झाले की वळणावर ते एका बाजूला जाते, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दाब पडतो आणि दिवा लागतो. रस्ता सरळ झाला की तेल परत येते, दिवा विझतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ आजार बरा झाला असा नव्हता, रोग्याने कूस बदलली एवढाच होता.

आणखी एक गोष्ट, जी निम्म्या मोटारवाल्यांना ठाऊक नसते. बहुतेक गाड्यांत हा तांबडा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तो दाब सांगतो. अलीकडच्या काही गाड्यांत पातळी सांगणारा वेगळा पिवळा दिवा असतो, पण जुन्या गाड्यांत नाही. त्यामुळे तांबडा दिवा लागेपर्यंत तेल बरेच खाली गेलेले असू शकते. ‘दिवा लागेल तेव्हा भरू’ म्हणणारा माणूस ‘ताप मेंदूत गेला की डॉक्टरकडे जाऊ’ म्हणणाऱ्यासारखाच.

दाब गेल्यावर आत काय होते? ग्रामीण भागातून आलेल्या पालकांना बैलगाडीचा आस आठवेल. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, आणि वंगण संपले की चाक लांबून ऐकू येईल असे करकरे. बैलगाडी करकरून सांगत तरी असे. आणि ती ताशी चार किलोमीटर चालते. मोटारीचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, घाटात मिनिटाला तीन हजार फेरे घेतो. सेकंदाला पन्नास. हा दांडा ज्या गुळगुळीत वाट्यांत फिरतो त्यांना तो खरे तर टेकतच नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, काही मायक्रॉन जाडीचा, आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. फिरता दांडा स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढून पाचरीसारखे दाबतो आणि त्या पाचरीवर तरंगतो.

हे कसे समजले, ती हकीकत मुलांना नक्की आवडेल. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉवर नावाचे अभियंते आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरच्या बाजूला भोक पाडले. यंत्र सुरू केले तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच मारले. बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तेथे दाबमापक लावला आणि काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर गेला. नुसत्या फिरण्याने तेलात एवढा दाब तयार होत होता. पुढे १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी त्याचे गणित मांडले, आणि आजही बेअरिंग त्याच गणितावर बेतली जातात. आम्हाला बी.एस्सी.ला रेनॉल्ड्स पाण्याच्या प्रवाहासाठी शिकवला होता. बूच उडाल्याची गोष्ट कोणी सांगितली नाही. सांगितली असती तर कदाचित आम्ही घाटात थांबलो असतो. कदाचित नसतोही.

पाचर होण्यासाठी तेल मात्र सतत यायला हवे. ते थांबले की पापुद्रा फाटतो, धातूला धातू घासतो, वाटीचा मऊ धातू तापून पुसला जातो. आम्ही दिवा पहिल्यांदा पाहिला त्यानंतर सुमारे तीन किलोमीटर गाडी चालवली. नंतर कागदावर हिशेब केला. घाटात ताशी तीस किलोमीटर धरा, म्हणजे तीन किलोमीटरला सहा मिनिटे, म्हणजे दांड्याचे अठरा हजार फेरे. त्यांतले किती कोरडे झाले ते देव जाणे.

आधी टिकटिक सुरू झाली, शिवणयंत्रासारखी. मग खटखट. मागून बाई म्हणाल्या, ‘‘सर, हा कसला आवाज?’’ दिवा आता सरळ रस्त्यावरही लागलेला होता. मग एक मोठा आचका बसला आणि गाडी थांबली. किल्ली फिरवून पाहिली. आतून काहीही हलले नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही ती किल्ली तीन वेळा फिरवली.

घाटात त्या वेळी फोनला धड रेंज नव्हती. एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवून सिमरोलहून मिस्त्री यायला दीड तास गेला. त्याने बॉनेट उघडले, तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, ओढली, आणि ती आमच्यासमोर धरली. पट्टीच्या अगदी टोकालाही तेल नव्हते. म्हणाला, ‘‘साहब, इसमें तेल तो था ही नहीं.’’ त्याच्या आवाजात रागही नव्हता, आश्चर्यही नव्हते. आमच्यासारखे त्याने पुष्कळ पाहिले असावेत.

मुलगी तोवर कठड्याजवळ दगडावर बसली होती. वही मांडीवर होती, मिटलेली. आठवीतल्या एकाने तिला म्हटले, ताई, इथेच म्हणून दाखव ना भाषण. ती म्हणाली, नको. पुढे एक जीप मिळाली आणि आम्ही पावणेतीनला खंडव्यात पोहोचलो. स्पर्धा एकला संपली होती, परीक्षक निघून गेले होते. तिथल्या मंडळाच्या लोकांनी आम्हाला आग्रहाने मसालेभात वाढला. दोघे मुलगे पोटभर जेवले. तिने पानात घेतले तेवढे संपवले आणि ताट उचलून ठेवले. येताना, जाताना, नंतर कधीही ती ‘मी सांगितलं होतं’ असे म्हणाली नाही. म्हणाली असती तर आम्हाला सोपे गेले असते. सोमवारी आम्ही तिला विचारले, प्रार्थनेनंतर सर्व शाळेसमोर भाषण करशील का? ‘बघते सर,’ म्हणाली. तिने केले नाही, आणि आम्ही पुन्हा विचारले नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. वडिलांचा मालवाहू टेम्पो आहे. आम्ही माफी मागितली. त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा, आणि मग म्हणाले, ‘‘सर, सुट्टीत ती माझ्याबरोबर फेरीला येते. तो दिवा लागला की मी इंजिन बंद करूनच बाजूला घेतो. तिला ते ठाऊक आहे.’’ एवढेच. आम्ही उठताना तेही उठले, फाटकापर्यंत आले.

तिचे आम्ही का ऐकले नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला. लहान म्हणून? मुलगी म्हणून? की गाडी आमची, वय आमचे, पदवी आमची म्हणून? शिपाई काकांचेही ऐकले नव्हते, तेव्हा नुसते वयाचे कारण पुरत नाही. उत्तर जे येते ते आम्हाला फारसे शोभणारे नाही, आणि ते येथे लिहिल्याने सुटेल असेही नाही.

गाडी उघडल्यावर समजले की चेंबरच्या खालच्या नटाशी गळती होती आणि शिवाय जुने तेल थोडे थोडे जळतही होते. दांडा घासून घ्यावा लागला, वाट्या नव्या, एक कनेक्टिंग रॉड नवा. बेचाळीस हजार रुपये आणि पाच आठवडे. दुरुस्तीनंतर आमचे वागणे उलटे झाले. दर रविवारी तेल पाहायचे आणि मनाच्या समाधानासाठी थोडे ओतायचे. शेवटी मिस्त्रीच ओरडला. तेल वरच्या खुणेच्या वर गेले तर फिरता दांडा ते घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणजे जास्त ओतूनही रोग तोच.

पट्टी पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे वर गेलेले तेल खाली उतरते. पट्टी काढून कापडाने पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून पाहायची. पहिल्या वेळी जे दिसते ते खोटे असते. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत पुष्कळ गाड्यांत साधारण एक लिटर बसते. तेल कोणते, ते पुस्तिकेत असते. १५डब्ल्यू-४० असे काही लिहिलेले दिसेल. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा शंभर अंशांना ते किती दाट राहते ते. मुलांसाठी एक गंमत: कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आले, कारण सुरुवातीला त्या तेलात खरोखरच एरंडेल असे. लहानपणी ज्याला पाहून आपण पळायचो, ते इंजिने मुकाट्याने पीत होती.

आणि दिवा? किल्ली फिरवल्यावर तो लागायलाच हवा, नाही लागला तर दिवाच बिघडला आहे. इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. चालत्या गाडीत लागला, क्षणभर का होईना, तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नाही, गावापर्यंत नाही. पट्टी पाहायची, कमी असेल तर भरायचे. भरल्यावरही दिवा विझला नाही तर इंजिन पुन्हा बंद, आणि गाडी ओढून न्यायची. काही पालकांकडे आता विजेच्या गाड्या आल्या आहेत, त्यांना हे तेल नाही. त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण त्यांच्या गाडीतही तांबडे दिवे आहेतच.

आमच्या इंजिनातली खराब झालेली एक वाटी आम्ही मिस्त्रीकडून मागून आणली. ती आता भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका डबीत आहे. अर्धगोल, अंगठ्याएवढी रुंद. नववीच्या मुलांना घर्षणाचा धडा शिकवताना ती हातात देतो. शेजारी नवी वाटी ठेवली आहे, आरशासारखी. जुनीवर बोट फिरवले की खरखरते, एका कडेला धातू वितळून वाहिल्याचे दिसते.

शाळेच्या व्हॅनबाबत एक नियम आम्ही त्या वर्षीच केला आणि विश्वस्तांनी तो मान्य केला. तांबडा दिवा लागला तर चालक कोणालाही न विचारता गाडी थांबवेल, आणि उशीर झाल्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. पालकही नाही. दिवा लागल्याचे मुलाने सांगितले तरी थांबायचे, हे वाक्य आम्ही हाताने नंतर घातले.

गेल्या पावसाळ्यात एकदा व्हॅन अशीच थांबली. मुले पस्तीस मिनिटे उशिरा घरी पोहोचली, कार्यालयात फोनवर फोन आले, एक-दोन पालक चांगलेच रागावले. तपासले तर तेल काठोकाठ, दाब उत्तम. दाब मोजणारा स्विचच बिघडला होता. चालक दादा संध्याकाळी आमच्या खोलीत आले आणि खाली मान घालून उभे राहिले. म्हणाले, ‘‘सर, फुकटच थांबलो.’’ आम्ही त्यांना बसवले, दोन चहा मागवले. दिवा आधी कोणाला दिसला, असे विचारले, तर म्हणाले, पाचवीतल्या एका मुलाला. स्विच दुसऱ्या दिवशी बदलला. दोनशे ऐंशी रुपये लागले.